२००७ची गाडी, एसी सकाळी गार आणि दुपारी गरम. कॉम्प्रेसर बदलू का?

वर्षा_अकोला | १४ मे, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

गाडी २००७ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे एका धाग्यावर लिहिलं होतं तर निम्मे प्रतिसाद कंपनीच्या भांडणात गेले आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

मी मूर्तिजापूरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसहाला अकोल्याहून निघते, दुपारी दोनच्या सुमारास तिकडून परत. येताना अकोल्याला द्यायचे नमुने बर्फाच्या डब्यात असतात. म्हणजे गाडीत त्यांची सोय आहे, माझी नाही.

गेली काही वर्षं दर मार्चमध्ये गॅस भरून घेते. यंदाही भरला, अठराशे रुपये दिले. एप्रिल छान गेला. मे लागला आणि हे नवीन सुरू झालं. सकाळी जाताना एसी एकदम गार. व्हेंटच्या जाळीत प्रोब थर्मामीटर खोचून ठेवते, तो सकाळी ८ अंश दाखवतो. दुपारी उन्हात तापलेली गाडी काढली की हळूहळू १४पर्यंत उतरतो, आणि कुरणखेडच्या आसपास अचानक चढायला लागतो. बोरगाव मंजूला येईपर्यंत ३६. बाहेर ४४. मग अकोल्यापर्यंत काचा खाली करून लू खात यायचं. संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर चालू करावी तर पुन्हा गार, जसं काही झालंच नाही.

पहिला मिस्त्री म्हणाला, "मॅडम, काम्प्रेसर बसला ह्याचा. आता गॅस टाकून काई फायदा नाई." नवा साडेअठरा हजार, रिकंडिशन केलेला आठ हजार, आणि वॉरंटी त्याच्या शब्दाची. दुसरा म्हणाला कंडेन्सर (पुढच्या जाळीमागे असतो, गॅसची उष्णता बाहेर टाकतो) चोक आहे, तो बदला. मोजमाप दोघांनीही केलं नाही. एकानं पाइपाला हात लावला, दुसऱ्यानं बॉनेट उघडून नुसतं पाहिलं. रक्त न काढता कोणी हिमोग्लोबिनचा आकडा सांगावा तसं वाटलं मला.

"गाडी विक" हा सल्ला घरात रोज मिळतो, तो कृपया इथे नको. पासिंग पुढच्या पाच वर्षांचं करून घेतलंय, इंजिन खणखणीत आहे. २५ तारखेला नवतपा लागतो, त्याआधी काहीतरी व्हायला हवं. साडेअठरा हजार घालावेत का?

खड्डेश्वर | १४ मे, रात्री १०:०५

विकून टाका.

(बरं, गंमत केली. पण वीस वर्षांच्या गाडीत साडेअठरा हजारांचा कॉम्प्रेसर म्हणजे गाडीच्या किमतीच्या पाव हिस्सा झाला. मी तरी घालणार नाही.)

निनाद_ठाणे | १४ मे, रात्री ११:२०

वर्षाताई, माझ्याकडे हुबेहूब असंच झालं होतं, तेव्हा कंडेन्सरचा पंखा निघाला. घोडबंदर रोडवर गाडी पळत असली की एसी मस्त, सिग्नलला थांबलो की गरम हवा. मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. पंखा फिरायचा, पण मरगळल्यासारखा. बाराशेत मोटर बदलली आणि प्रश्न मिटला. तुमचाही पंखाच असणार, पैजेवर सांगतो.

रीफरवाले काका | १५ मे, सकाळी ६:१०

वर्षाताई, थर्मामीटरचे आकडे पाहून बरं वाटलं. माझं आयुष्य न्हावा-शेवाला रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर दुरुस्त करण्यात गेलं, आता उरणला घरी असतो. "गार लागतंय", "नाही लागत" यावर तासभर वाद घालणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली. आकडा घेऊन येणारं क्वचित.

तुम्ही प्रश्न एक विचारलाय, बिघाड मात्र दोन आहेत. दरवर्षी गॅस लागतो हा एक. तापल्यावर बंद पडतो हा दुसरा. दोन्हींचं खापर कॉम्प्रेसरवर, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपावर फोडायची घाई नको.

दुसरा आधी घेऊ, कारण तो तुम्हाला स्वतःला तपासता येईल. दुपारी हवा गरम व्हायला लागली की गाडी सावलीत बाजूला घ्या. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर चालू.

व्हेंटमधून येणाऱ्या हवेचा जोर आधीपेक्षा कमी झालाय का पाहा. कमी झाला असेल तर कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डमागे केबिनची हवा गार करणारा भाग) बर्फ जमतोय. कॉइलला एक छोटा सेन्सर टेकवलेला असतो, तो कॉइल शून्याच्या जवळ गेली की कॉम्प्रेसर बंद करतो. तो बिघडला की बर्फाची भिंत तयार होते आणि हवा अडते. पण ४४ अंशांत, कोरड्या विदर्भात, दुपारी दोन वाजता? मला शक्यता कमी वाटते. हे आमच्या कोकणात पावसाळ्यात होतं.

मग पंखा. निनादभाऊ, तुमची पैज मी घेतो, कारण ताईंची गाडी हायवेवर चालू असताना गरम होते आहे. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, तिथे पंख्याची उणीव झाकली जाते. तरी तपासायला पैसे पडत नाहीत. पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर ओता. मिनिटभरात व्हेंटचा आकडा खाली आला तर कंडेन्सरमधून उष्णता नीट बाहेर पडत नाहीये, म्हणजे पंखा तरी कमजोर किंवा पत्र्यांत चिखल-किडे तरी भरलेत. तसं असेल तर बदलण्याआधी धुऊन घ्या. साध्या पाइपानं, कमी जोरानं. वॉशिंगवाल्याचं प्रेशर मारलं तर पातळ पत्रे आडवे होतात आणि आहे तेही जातं.

पाणी ओतून काही फरक पडला नाही तर कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बघा. ओढणी गाडीत ठेवून या, केस बांधा, हात पट्ट्यापासून लांब. पुली पट्ट्यासोबत कायम फिरतेच, तिच्याकडे दुर्लक्ष करा. तिच्या पुढ्यात एक चपटी प्लेट असते. एसी चालू असताना ती पुलीला चिकटून फिरायला हवी. पुली फिरतेय आणि प्लेट थांबलीय असं दिसलं तर कॉम्प्रेसर चालतच नाहीये, मग तो बाद झालाय की नाही हे कोण सांगणार? अशा वेळी एसीच्या क्लचच्या (प्लेट पुलीला चिकटवणारी चुंबकाची यंत्रणा) वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा. दिवा लागला नाही तर रिले, फ्यूज, प्रेशर स्विच अशी मागची साखळी शोधायची. दिवा लागला आणि प्लेट तरी थांबलेली, तर दोष क्लचचा.

आता कॉम्प्रेसरबद्दल. तो खरंच गेला का, हे दोन मीटरच्या गेजवर पाच मिनिटांत कळतं. तुमच्या गाडीत आर-१३४ए गॅस आहे. एसी चालू असताना निळा (कमी दाबाचा) मीटर ३० पीएसआयच्या आसपास पाहिजे, कारण २८ पीएसआयला हा गॅस शून्य अंशाला उकळतो आणि कॉइल तिथेच हवी असते. लाल (जास्त दाबाचा) मीटर तुमच्या उन्हात २३० ते २६० दाखवेल. घाबरू नका. बाहेर ४४ असताना गॅसला उष्णता टाकायची तर त्याला साठच्या पुढे तापावंच लागतं, आणि साठ अंशांना त्याचा दाब २३०च्या घरात असतो. पुण्यातला आकडा अकोल्यात लावून "प्रेशर जास्त आहे" म्हणणारे मिस्त्री असतात, त्यांना हे दाखवा. कॉम्प्रेसर बसला असेल तर चित्र उलटं दिसतं: निळा खाली जात नाही, लाल वर चढत नाही, दोघं एकमेकांच्या जवळ रेंगाळतात. सकाळी ८ अंश देणारा कॉम्प्रेसर बसलेला आहे यावर माझा विश्वास नाही.

गॅसचं नंतर लिहितो. भरतीची वेळ झाली, मासळी घ्यायला जायचंय.

वर्षा_अकोला | १६ मे, दुपारी ४:३०

काका, खूप आभार. आजच केलं सगळं, कुरणखेडच्या पुढे एका निंबाखाली. ट्रकवाले थांबून थांबून "गाडी बंद पडली का ताई" विचारत होते.

हवेचा जोर कमी झाला नव्हता. पंखा जोरात फिरत होता. बाटलीभर पाणी ओतलं, थर्मामीटर हलला नाही, ३४वरच. मग प्लेट पाहिली. पुली फिरतेय, प्लेट ठार थांबलेली! लॅबमधला मल्टिमीटर नेला होता, तो वायरीला लावला, १२.९ व्होल्ट. म्हणजे वीज पोचतेय.

आणखी एक. थर्मामीटर कधी चढतो ते आज नीट लक्ष देऊन पाहिलं. एका कंटेनर ट्रकला मागे टाकायला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, पुढे निघाले, आणि त्यानंतर लगेच आकडा वर जायला लागला. योगायोग असेल का?

रीफरवाले काका | १६ मे, संध्याकाळी ७:१५

योगायोग नाही. शाबास.

अनेक छोट्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाला सगळी ताकद मिळावी म्हणून कॉम्प्युटर एसीचा क्लच काही सेकंद सोडतो. मग पुन्हा धरायला सांगतो. तुमच्या गाडीत सुटतो, पण तापल्यावर पुन्हा धरत नाही. सकाळी सुटला तरी धरतो, म्हणून सकाळी कळत नाही.

कारण सांगतो. प्लेट आणि पुली यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवलेली असते, बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल असते, वीज आली की तिचं चुंबक होतं आणि प्लेट ओढून घेतं. दरवेळी धरताना दोन्ही पृष्ठभाग थोडे घासले जातात. इतक्या वर्षांत फट वाढते. आता तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. कॉइल साठ अंशांनी जास्त तापली तर जवळजवळ पाव हिस्सा. त्यानं वीज सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी, आणि चुंबकाची ओढ विजेच्या वर्गानं घटते, म्हणजे एक तृतीयांश ओढ गेली. थंड असताना ती वाढलेली फट पार होते, तापल्यावर होत नाही. एकदा चिकटली की फट उरतच नाही, म्हणून सुटेपर्यंत चालत राहतं.

उपाय स्वस्त आहे. मधला नट काढून प्लेट बाहेर घ्यायची. शाफ्टवर पातळ वॉशर असतात, त्यांना शिम म्हणतात. एक काढला की फट कमी. बसवून फिलर गेजनं (फट मोजायची पातळ पाती) तीन ठिकाणी मोजायचं, हातानं फिरवून प्लेट घासत नाही ना पाहायचं. प्लेट निळी पडली असेल किंवा खोल चरे असतील तर प्लेट-पुली-कॉइलचा क्लच सेट वेगळा मिळतो, तो घाला. त्यासाठी कॉम्प्रेसर बदलायचं काम नाही, आणि गॅस तर काढावाही लागत नाही. हे मिस्त्रीला आवर्जून सांगा, नाहीतर तो आधी गॅस सोडून देईल आणि मग अठराशेचं बिल लावेल.

आता गॅस. हा धंदा सगळ्यात जास्त यावरच चालतो, म्हणून सविस्तर लिहितो.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. रबरी होजमधून आणि शाफ्टच्या सीलमधून चिमूटभर झिरपतो हे खरं, त्यामुळे जुन्या गाडीला काही वर्षांनी थोडा घालावा लागला तर तक्रार नाही. दर मार्चमध्ये लागत असेल तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता जो गॅस भरतो त्याला पुढच्या मार्चचं गिऱ्हाईक हवंय.

तुमच्या वयाच्या गाड्यांत माझा पहिला संशय कूलिंग कॉइलवर. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना केबिन फिल्टर नाही. रस्त्याची धूळ, पिकलेली पानं, सगळं थेट कॉइलवर बसतं, तिथं कायम ओल, आणि त्या ओल्या चिखलाखाली अ‍ॅल्युमिनियम कुजत जातं. दुसरा संशय ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) आणि गॅस भरायच्या तोंडांतल्या पिना. पिनेवर साबणाचा फेस लावून बघा, आणि टोपण नेहमी लावलेलं ठेवा. दोन रुपयांचं टोपण हरवल्यामुळे गॅस गेलेला मी पाहिलाय.

शोधायची रीत अशी. उरलेला गॅस काढून घेतला की नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरायचा, १५० पीएसआयपर्यंत, रेग्युलेटर लावूनच. मग प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी. मीटर बंद करून चहा प्यायला जायचं. परत आल्यावर काटा खाली उतरलेला असेल आणि बाहेर कुठेच फेस दिसला नसेल तर कॉइल बाहेर काढायची. पुष्कळ छोट्या गाड्यांत ती ग्लोव्ह बॉक्सच्या मागून निघते, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. पाण्याच्या टबात बुडवून दाब दिला की बुडबुडे स्वतःच जागा दाखवतात.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका, तिच्यात पाणी असतं. आणि वेल्डिंगच्या सिलिंडरचा ऑक्सिजन तर कधीच नाही. आत तेल असतं, ऑक्सिजन दाबाखाली तेलाला भेटला की स्फोट होतो. "एवढं काही होत नाही" म्हणणारा भेटला तर गाडी घेऊन निघून या.

कॉइल बदलली की सोबत ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा भाग) बदला, ओ-रिंग नव्या घाला (आर-१३४एसाठीच्या, बहुधा हिरव्या येतात), आणि कॉइलमध्ये राहून गेलेल्या तेलाच्या बदल्यात २०-३० मिली तेल. तेल पीएजी जातीचं, कोणत्या ग्रेडचं ते कॉम्प्रेसरच्या लेबलवर असतं. डबा उघडा ठेवलेला नको, ते हवेतलं पाणी पितं. पाइप उघडल्यावर तेलात चंदेरी चुरा दिसला तर मात्र माझं आधीचं सगळं बोलणं मागे, तेव्हा कॉम्प्रेसर खरोखर आतून खाल्ला गेलाय.

मग व्हॅक्युम. किमान अर्धा-पाऊण तास, आणि पंप बंद करून वीस मिनिटं काटा तिथेच राहतो का पाहायचं. हवा काढणं हे अर्धंच काम झालं. नळ्यांतलं पाणी त्या कमी दाबात उकळून बाहेर पडावं म्हणून एवढा वेळ लागतो. त्यानंतर गॅस वजनानं भरायचा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. काटा बघून अंदाजे भरला की हमखास जास्त होतो, आणि जास्त गॅसनं एसी कमी गार करतो.

मस्कतकर मंदार | १७ मे, सकाळी १०:५०

काका, उत्तम माहिती. उपप्रश्न. सांगलीला वडिलांची १९९५ची गाडी आहे, तिच्यात जुना आर-१२ गॅस होता. तो आता मिळत नाही. एक जण म्हणतो त्यात "हायड्रोकार्बन गॅस" भरून देतो, स्वस्त पडेल आणि जास्त गार करेल. भरावा का?

रीफरवाले काका | १७ मे, दुपारी १२:०५

नको.

गार करेल, तो खोटं बोलत नाहीये. पण तो प्रोपेन-ब्युटेनच आहे, थोडक्यात स्वयंपाकाचा गॅस. कूलिंग कॉइल असते प्रवाशांच्या पायाशी, बंद केबिनमध्ये. ती गळली आणि कोणी काडी ओढली तर? त्या गॅससाठी बनवलेल्या घरगुती फ्रिजमध्ये तो वापरतात, तिथं त्याचं प्रमाण अगदी कमी असतं आणि विजेचे भाग तसे बनवलेले असतात. १९९५च्या गाडीत यातलं काही नाही.

आर-१२ ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्यानं बंद झाला, विकसनशील देशांना २०१०ची मुदत होती. तुमच्या गाडीला आर-१३४ए चालतो, पण नुसता भरून नाही. जुनं मिनरल ऑइल त्या गॅसमध्ये मिसळत नाही, ते कुठेतरी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नळ्या फ्लश करा, एस्टर तेल घाला, ड्रायर आणि ओ-रिंग बदला, भरायची तोंडं नव्या पद्धतीची बसवा. गॅस जुन्या वजनाच्या ८०-८५ टक्केच. कंडेन्सर त्या काळचा असेल तर सांगलीच्या मे महिन्यात थोडं कमी गार होईल, ते सोसा.

स्वस्त कॅनबद्दल सगळ्यांनाच सांगतो. २०११ साली आमच्या धंद्यात हाहाकार झाला होता. व्हिएतनाममध्ये दुरुस्ती झालेल्या काही रीफर कंटेनरमध्ये आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा गॅस भरला गेला होता, त्यात आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड. ते अ‍ॅल्युमिनियमशी संयोग पावून असं रसायन बनवतं की हवा लागताच पेट घेतं. मशिनचे स्फोट झाले, काम करणारी माणसं गेली. संशयित कंटेनर जगभरातल्या बंदरांत बाजूला काढून ठेवले होते. तेव्हापासून बिल नसलेला कॅन मी हातात घेतलेला नाही. गाडीच्या एसीतही कंडेन्सर आणि कॉइल अ‍ॅल्युमिनियमचेच.

खड्डेश्वर | १७ मे, दुपारी १:३०

काका, "विकून टाका" हा प्रतिसाद मागे घेतो. माझ्या गाडीलाही दरवर्षी गॅस लागतो. 🙏

वर्षा_अकोला | २ जून, रात्री ८:५०

उशिरा लिहितेय, लॅबमध्ये उन्हाळी तापाच्या पेशंटची रांग लागलीय.

क्लच आधी केला. तिसरा मिस्त्री शोधला, वयस्कर आहेत, पूर्वी एसटी वर्कशॉपला होते. फिलर गेज म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पेटीतून काढून आणला. फट १ मिलिमीटरच्या वर निघाली. एक शिम काढला, ०.४५वर आली. प्लेटला चरे होते पण बारीक. चारशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन ट्रक मागे टाकले, आकडा १४चा १५ झाला आणि पुन्हा खाली. साडेअठरा हजार वाचले!

मग रविवारी गॅसचं. नायट्रोजनचा सिलिंडर त्यांनी फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून मागवला. बाहेर कुठेही फेस नाही, काटा मात्र उतरला. कॉइल ग्लोव्ह बॉक्सच्या मागून निघाली. काका, तिच्यावर चिखलाचा थर तर होताच, पण निंबाची पानं, एक पेनचं टोपण आणि वडिलांच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठीसुद्धा! टबात घातली तर खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ. तेलात चुरा नव्हता.

नवी कॉइल ३,२००, ड्रायर ६५०, ओ-रिंग, तेल, गॅस आणि मजुरी धरून सगळे मिळून ८,४००. व्हॅक्युमला त्यांच्याकडे जुन्या फ्रिजचाच कॉम्प्रेसर आहे. पंधरा मिनिटांत "झालं" म्हणाले. मी घड्याळ समोर ठेवून बसले, तासभर चालवायला लावला. चहा दोनदा झाला. गॅस भरताना लॅबमधून नेलेला वजनकाटा कॅनखाली ठेवला. स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलंय, तेवढाच. त्यांना आणखी थोडा घालायचा होता, "आपल्याकडच्या उन्हाला एवढा पुरत नाही मॅडम" म्हणे. घालू दिला नाही.

आता सकाळी ७, दुपारी ४५मध्ये १२-१३.

दोन प्रश्न उरलेत. ब्लोअर बंद असताना व्हेंटमधून किंचित कोमट हवा येते ती कशामुळे? आणि दिवाळीनंतर मी मार्चपर्यंत एसी लावतच नाही, ते चालतं ना?

निनाद_ठाणे | २ जून, रात्री ९:३०

अभिनंदन ताई. पैज हरलो, काकांना उरणला वडापाव लागू.

रीफरवाले काका | ३ जून, सकाळी ६:००

उत्तम काम झालं. फ्रिजचा कॉम्प्रेसर व्हॅक्युमला चालतो, पण धीमा असतो, म्हणून तासभर लावलात ते योग्यच. गॅस जास्त घालू दिला नाहीत ते त्याहून योग्य. पण केबिन फिल्टर नसलेल्या गाडीत नवी कॉइलही त्याच वाटेनं जाईल. वायपरखालच्या जाळीतून पानं आत शिरतात, तिथं आतून बारीक जाळी लावून घ्या, आणि धुळीच्या रस्त्यावर आतली हवा फिरवायचं बटण दाबून ठेवत जा.

कोमट हवा हीटरची. गरम पाण्याच्या नळीवर एक व्हॉल्व्ह असतो, तारेनं उघडबंद होणारा. तार ढिली झाली की तो पूर्ण मिटत नाही. डॅशबोर्डवरची दांडी पूर्ण थंडकडे करा आणि बॉनेटखाली व्हॉल्व्हचा खटका हातानं आणखी सरकतो का पाहा, इंजिन गार असताना. सरकला तर क्लिप सोडून तार थोडी ओढून घ्यायची. दुपारचा आकडा आणखी एक-दोन अंशांनी उतरेल.

हिवाळ्यात एसी पूर्ण बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा, थंडी वाजली तर हीटर सोबत लावा. गॅससोबत तेल फिरतं आणि शाफ्टचं सील त्या तेलानं ओलं राहतं. महिनोन्‌महिने कोरडं राहिलं की कडक होतं, आणि मार्चमध्ये पहिल्याच दिवशी तिथून गॅस निघतो. पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायलाही एसीच लागतो.

त्या मिस्त्रीबुवांचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. माझा भाचा अकोटला असतो, त्याच्या गाडीचा एसी गेलाय आणि त्यालाही कोणीतरी कॉम्प्रेसरच सांगितलाय.